काळ्या कातळाचं वय कसं काढतात? अंबेनळी घाट धरून पहिल्यापासून

सह्याद्रीतला काळा दगड किती जुना, असं विचारलं की बहुतेकांना उत्तर पाठ असतं: साडेसहा कोटी वर्षं. पण हा आकडा कुणी काढला, कशावरून काढला, आणि हल्लीच्या शोधनिबंधांत तो सहा कोटी साठ लाख का झाला, असं पुढे विचारलं की बोलणं अडतं. कुणी ‘कार्बन डेटिंग’ म्हणतं, कुणी ‘यंत्रात दगड घातला की कळतं’ म्हणतं. भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आलेली मुलं, घाटवाटा तुडवणारी ट्रेकर मंडळी, शाळेत भूगोल शिकवणारे शिक्षक, सगळ्यांचा गोंधळ साधारण सारखाच असतो. घाटात नमुने गोळा करण्यापासून प्रयोगशाळेत आपला नंबर लागेपर्यंत वाट बघण्यापर्यंत मी या सगळ्यातून गेलो आहे. म्हणून एकच घाट धरून, पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा अंबेनळी घाट धरून, हे काम क्रमानं कसं होतं ते लिहितो. पद्धत समजली की हेच जगातल्या कुठल्याही खडकाला लावता येतं.

आकड्यांचं एवढं आधी बघून ठेवा. शोधनिबंधांत वयं दशलक्ष वर्षांत असतात. ६६ दशलक्ष म्हणजे ६ कोटी ६० लाख. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. दहा लाख आणि एक कोटी यांत घोळ झाला तर पुढचं सगळंच चुकतं, तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा.

१. कुठल्या घटनेचं वय हवंय ते ठरवा

नवखा माणूस ‘या दगडाचं वय काय’ असं विचारतो. प्रश्न असा हवा: या दगडाच्या बाबतीत घडलेल्या कुठल्या घटनेचं वय?

घाटातल्या एका हातभर पट्ट्यात चार घटना सापडतील. लाव्हा थंड होऊन बेसॉल्ट झाला, ही पहिली. त्याचा वरचा भाग उघडा पडून कुजला, त्याची लालभडक माती झाली, ही दुसरी. पुढचा लाव्हा त्या मातीवरून गेला आणि ती भाजली, ही तिसरी. बऱ्याच काळानं खडकातल्या पोकळ्यांत पाणी झिरपून झिओलाइट, कॅल्साइट, गारगोट्या वाढल्या, ही चौथी. माथ्यावरचा जांभा तर त्याहून वेगळ्या कुजण्याची गोष्ट आहे. पोकळीतल्या स्टिलबाइटचं (हा झिओलाइटचाच एक प्रकार) वय काढून ते लाव्हाचं म्हणून सांगितलं, तर मोजणी बिनचूक असूनही उत्तर चुकीचंच.

लोणारचं उदाहरण पाहा. तिथला बेसॉल्ट दख्खनच्या ज्वालामुखीचा, म्हणजे कोट्यवधी वर्षांचा. उल्कापातानं पडलेलं विवर मात्र फार अलीकडचं. त्या आघातात वितळलेल्या काचेवर थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीनं (तापवल्यावर सुटणारा साठलेला प्रकाश मोजून) सुमारे ५०,००० वर्षं असं वय निघालं होतं. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीचा निकाल प्रसिद्ध झाला तो लाखांच्या घरात, साधारण साडेपाच ते साडेसहा लाख वर्षं. घटना एकच, घड्याळं दोन आणि उत्तरांत दहापट फरक. काचेत साठलेला संकेत मधल्या काळात गळाला असेल तर पहिलं घड्याळ मागे पडतं. मूळ बेसॉल्टमधला जुना आर्गॉन वितळताना पूर्ण निघून गेला नसेल, तर दुसरं पुढे धावतं. म्हणून पद्धत निवडण्याआधी घटना कागदावर लिहून काढायची.

कार्बन-१४ चं इथे काही काम नाही. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू तुटायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. पन्नासेक हजार वर्षांच्या पलीकडे मोजण्याजोगा कार्बन-१४ उरतच नाही, आणि लाव्हात सेंद्रिय कार्बन असतो कुठे? जळालेलं लाकूड, शंख, हाड, तळ्याचा गाळ यांच्यासाठी ती पद्धत उत्तम. बेसॉल्टसाठी नाही.

२. सामान आणि कागदपत्रं

हे सगळं निघण्याआधी जमवा:

– भूशास्त्राचा हातोडा, छिन्नी, डोळ्यांना गॉगल. बेसॉल्टची कपची सुरीसारखी उडते. गॉगल नसेल तर हातोडा उचलू नका.
– दहापट मोठं दाखवणारं भिंग, नतिमापक असलेला कंपास, जीपीएस, मोजपट्टी, थेंबाच्या बाटलीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. पोकळीतलं पांढरं खनिज फसफसलं तर कॅल्साइट.
– जाड कापडी पिशव्या, न पुसणारा मार्कर, पक्क्या बांधणीची वही, पेन्सिल. शाईचं पेन दमट हवेत दगा देतं.
– भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावरचा त्या जिल्ह्याचा भूशास्त्रीय नकाशा.
– महाविद्यालयाचं किंवा संस्थेचं पत्र आणि ओळखपत्र. राखीव जंगल किंवा अभयारण्य असेल तर वन विभागाची लेखी परवानगी. खाजगी दगडखाणीत मालकाची परवानगी.

परवानगीकडे दुर्लक्ष करू नका. नमुना कायदेशीर नसेल तर पुढे निबंध छापताना अडचण येते, आणि घाटात चौकीवर जाब द्यावा लागतो तो वेगळाच. संरक्षित किल्ल्याच्या तटबंदीवर किंवा लेण्याच्या भिंतीवर हातोडा मारायचा नाही, कुठल्याही कारणानं नाही. त्याच प्रवाहाचा दगड खालच्या ओढ्यात किंवा रस्त्याच्या कडेला हमखास मिळतो.

जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पावसाळ्यात दरडींची भीती असते आणि शेवाळाखाली काही दिसत नाही. घाटरस्ता अरुंद आहे. गाडी रुंद वळणावरच लावा आणि रहदारीकडे पाठ करून उभे राहू नका.

३. थर मोजत चढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. यंत्रातून आलेला आकडा पुढे कितीही नेमका असो, थरांचा क्रम चुकला असेल तर तो निरुपयोगी.

मूळ नियम निकोलस स्टेनोनं १६६९ मध्ये मांडला: न उलटलेल्या थरांत खालचा आधीचा, वरचा नंतरचा. दख्खनचे थर जवळजवळ आडवे असल्यानं नियम इथे सरळ लागू पडतो. दुसरा नियम कापाकापीचा. थरांना छेदून उभी गेलेली भिंत, म्हणजे डाइक, त्या सगळ्या थरांहून नंतरची. डाइकच्या कडेला भिंग लावलं तर कण बारीक होत गेलेले दिसतात, कारण गार दगडाला टेकून लाव्हा झटकन थिजला. ती कड दिसली की कोण आधी आणि कोण नंतर हा वाद संपतो.

एक लाव्हा प्रवाह ओळखायचा कसा? खालून वर या. तळाशी बारीक पोकळ्या, कधी नळीसारख्या उभ्या. मग घट्ट, काळा, फोडताना खणकन आवाज करणारा भाग. त्याच्या वर फेसाळ, पोकळ्यांनी भरलेला भाग. मग लाल माती, तिला आपल्याकडे गेरूचा थर म्हणतात. तिच्यावर पुढच्या प्रवाहाचा तळ. हा क्रम एकदा डोळ्यांत बसला की घाटाची भिंत वाचता येते. काही प्रवाह मात्र असे एकसंध नसतात. लहान लहान जिभांसारखे लोळ एकावर एक चढलेले असतात, आणि प्रत्येक लोळाला स्वतंत्र प्रवाह धरलं तर तुमच्या वहीत प्रवाहांची संख्या उगाच फुगते. मध्ये लाल थर किंवा कुजलेला पृष्ठभाग नसेल तर एकाच प्रवाहाचे लोळ समजून चाला.

लाल थराजवळ थांबा. त्याचा माथा नखानं उकरून बघा आणि मग तळ. माथा कडक आणि विटकरी भाजलेला असतो. खाली जावं तसा तो मऊ होतो, मग मुरमासारखा, आणि हळूहळू खालच्या बेसॉल्टमध्ये मिसळून जातो. म्हणजे वरून भाजला, खालून कुजला. दोन उद्रेकांमधला मोकळा काळ हातात धरायचा तर तो इथेच. मात्र थराच्या जाडीवरून वर्षं मोजू नका. पाऊस, उतार, वाहून आलेली राख, सगळ्यांवर जाडी बदलते. वीतभर लाल थर दीड मीटरच्या थराहून जास्त काळ सांगत असू शकतो.

प्रत्येक प्रवाहाच्या तळाची आणि माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहा. जीपीएसची उंची अंदाजेच असते, नकाशाच्या समोच्च रेषांशी ताडून घ्या.

आणि ट्रेकर मंडळी हमखास फसतात ती जागा: उंच म्हणजे नवा, असं नाही. आपल्या सह्याद्रीतले हे थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत, एका अंशाहूनही कमी. पण शेकडो किलोमीटरांत तेवढा कल पुरतो. १,६४६ मीटरच्या कळसूबाईच्या माथ्यावरचा लाव्हा पन्हाळ्याच्या लाव्हाहून जुना आहे, पन्हाळा कितीतरी खाली असूनही. उंचीवरून वय सांगता येतं ते एकाच चढणीत. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नाही.

४. प्रवाहाची ओळख पटवा

दोन घाटांतला काळा दगड डोळ्यांना सारखाच दिसतो. तेव्हा कातळाच्या रसायनाकडे जावं लागतं. नमुन्याची पूड करून एक्स-रे फ्लुरोसन्सनं टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम वगैरे मोजतात, आणि स्ट्रॉन्शियमची समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, पाहतात. वर येताना लाव्हानं जुन्या कवचाचा किती भाग खाल्ला ते त्यावरून कळतं. बुशे गटातल्या प्रवाहांत ही भेसळ भरपूर, अंबेनळी गटात सगळ्यात कमी.

या कामावरून पश्चिम घाटातल्या प्रवाहांचे गट ठरले. खालून वर: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, मग खंडाळा, बुशे, आणि त्यांच्यावर पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर. नावं सगळी आपल्या गावांची आणि घाटांची. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात दख्खनवर बोलणारा माणूस ‘अंबेनळी’ आणि ‘पोलादपूर’ हेच शब्द उच्चारतो, याचं मला फार अप्रूप आहे. पोलादपूरहून चढताना या यादीतले पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर हे तिन्ही गट ओळीनं भेटतात. शिकायला याहून सोयीची चढण मला माहीत नाही.

जुन्या गटांमध्ये अधूनमधून बोटभर लांबीचे पांढरट फेल्डस्पार खनिजाचे स्फटिक असलेले प्रवाह लागतात. ते लांबूनही ओळखू येतात, म्हणून खुणेचे थर म्हणून वापरतात. दिसला की वहीत नोंद हवीच.

५. दगडातलं चुंबक विचारा

लाव्हा थंड होताना त्यातली लोहयुक्त खनिजं त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. हे क्षेत्र अधूनमधून उलटतं, उत्तरेचा दक्षिण होतो. त्या उलटापालटींची जागतिक कालपट्टी तयार आहे. दख्खनचा मोठा हिस्सा एका उलट्या काळात बाहेर पडला, त्याला सी२९आर म्हणतात, आणि तो साधारण सात लाख वर्षं चालला. महाबळेश्वर गटात वर गेलं की दिशा पुन्हा सुलट होते. म्हणजे एकही वर्ष न मोजता तुम्हाला घाटात एक पक्की रेघ मिळाली.

यासाठी हातानं चालवायच्या ड्रिलनं अडीच सेंटिमीटर जाडीचे गाभे काढतात आणि प्रत्येकावर दिशा खोदून ठेवतात. बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय असल्यानं साधा कंपास दगडाजवळ चुकतो, म्हणून सूर्याच्या सावलीवरून दिशा घ्या. उघड्या सोंडेवरचा किंवा कड्याच्या टोकावरचा दगड टाळा. तिथे विजा पडतात आणि एका विजेनं मूळ चुंबकत्व पुसलं जातं. शिवाय प्रत्येक नमुन्यावर आजच्या क्षेत्राचाही थर बसलेला असतो. प्रयोगशाळेत टप्प्याटप्प्यानं तापवून किंवा प्रत्यावर्ती क्षेत्रात ठेवून तो काढल्याशिवाय मूळ दिशा हाती लागत नाही.

याच मोजणीतून दगड थिजला तो अक्षांशही निघतो. चुंबकीय कलाचा, म्हणजे दगडातली चुंबकीय दिशा आडव्या पातळीशी करते त्या कोनाचा, टॅन्जन्ट म्हणजे अक्षांशाच्या टॅन्जन्टची दुप्पट. कल ४७ अंश असेल तर अक्षांश २८ च्या आसपास, आणि दिशेवरून कळतं की तो दक्षिण गोलार्धातला. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या दगडांवरून भारत दक्षिणेकडून सरकत आल्याचं दाखवलं, तेव्हा खंडांचं वहन बहुतेकांना पटलेलं नव्हतं. ज्या दगडावर बसून आपण डबा खातो तो विषुववृत्त ओलांडून इथे आलाय.

६. नमुना घ्या, पण कुठला?

पोकळ्यांचा दगड नको, पांढऱ्या खनिजांचा नको, हिरवट किंवा तपकिरी झाक असलेला नको. प्रवाहाच्या मधल्या घट्ट भागातला, ताजा फुटलेला, आतून निळसर काळा दिसणारा दगड हवा. बाहेरची कुजलेली साल जागेवरच फोडून टाका. एक-दोन किलो पुरेत. रस्त्याच्या जुन्या कापापेक्षा चालू दगडखाण बरी.

पिशवीवर आणि पिशवीच्या आत, दोन्हीकडे क्रमांक लिहा. वहीत अक्षांश-रेखांश, उंची, प्रवाहाच्या तळापासूनचं अंतर, आणि हातोडा टेकवून काढलेल्या फोटोचा क्रमांक. नुसतं ‘घाटातला दगड’ एवढीच नोंद असलेला नमुना प्रयोगशाळेनं घेऊच नये, असं माझं मत आहे.

परत आल्यावर पहिलं काम थिन सेक्शन. दगडाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती काचेवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. फेल्डस्पार स्वच्छ आहे का? त्यांच्यामधली काच मातीत बदललीय का? बदलली असेल तर तो नमुना बाजूला ठेवा, कितीही दूरवरून आणलेला असला तरी. इथे जीव कठोर केला तर पुढचे महिने वाचतात.

७. आर्गॉनचं घड्याळ

पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत साधारण एक पोटॅशियम-४० असतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. तुटणाऱ्या अणूंपैकी साधारण १०.७ टक्के आर्गॉन-४० होतात, बाकीचे कॅल्शियम. आर्गॉन हा वायू. लाव्हा वितळलेला असताना तो उडून जातो, थिजल्यावर स्फटिकात अडकतो. झाकण बसल्यापासून भांड्यात किती वाफ साठली ते मोजायचं, एवढंच.

प्रमाण मात्र फार कमी असतं. ६ कोटी ६० लाख वर्षांत पोटॅशियम-४० चा जेमतेम ३.६ टक्के भाग तुटतो आणि त्यातलाही दहावा हिस्साच आर्गॉन होतो. उरलेल्या दर हजार पोटॅशियम-४० अणूंमागे आर्गॉनचे चार. त्यात दख्खनच्या फेल्डस्पारमध्ये मुळात पोटॅशियम थोडं. दख्खनचं वय काढायला इतकी वर्षं लागली आणि जुन्या निकालांत इतका विखुरलेपणा आहे, त्याचं मोठं कारण हेच.

आज वापरतात ती आर्गॉन-आर्गॉन पद्धत. दगड फोडून चाळतात, सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यानं स्वच्छ कण वेचतात. वेचायला दिवसच्या दिवस जातात, मान दुखते, पण त्याला पर्याय नाही. कण आम्लानं धुऊन ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात आणि ज्याचं वय पक्कं माहीत आहे अशा प्रमाण खनिजाबरोबर अणुभट्टीत ठेवतात. न्यूट्रॉनांच्या माऱ्यानं पोटॅशियम-३९ चा काही भाग आर्गॉन-३९ होतो. आता पोटॅशियम आणि आर्गॉन वेगवेगळे मोजायला नकोत. एकाच वायूची दोन समस्थानिकं एकाच कणातून मोजली की झालं. भट्टीतून बाहेर आल्यावर नमुने थंडावायला वेळ द्यावा लागतो, घाई करून उपयोग नाही. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत या पद्धतीची राष्ट्रीय सुविधा आहे. मार्गदर्शकांकरवी आधी संपर्क करा आणि नंबर लागायला महिने जातील हे धरूनच प्रबंधाचं वेळापत्रक आखा.

मग नमुना पायरीपायरीनं तापवतात आणि प्रत्येक पायरीला सुटलेल्या वायूचं वय काढतात. आलेख बघताना ही तपासणी करा:

– सलग तीन तरी पायऱ्यांचं वय त्रुटीच्या आत जुळतंय का, आणि त्या पायऱ्यांत मिळून निम्म्याहून जास्त आर्गॉन-३९ सुटलाय का? तर त्याला पठार म्हणतात. त्यापेक्षा कमी असेल तर पठार म्हणू नका.
– सुरुवातीच्या पायऱ्या फार नव्या दिसतात का? कुजलेल्या कडांमधून आर्गॉन गळालाय.
– आलेख घोड्याच्या खोगिरासारखा, दोन्ही टोकांना वर? बाहेरून आलेला जादा आर्गॉन असण्याची शक्यता. आयसोक्रोन, म्हणजे सगळ्या पायऱ्यांच्या समस्थानिक-प्रमाणांची एक रेषा, काढून बघा.
– फार बारीक कणांचा नमुना होता? अणुभट्टीत आर्गॉन-३९ कणाबाहेर उडी मारतो आणि वय खोटंच जास्त दिसतं.

सगळ्या पायऱ्यांची सरासरी काढून ‘वय’ म्हणून सांगणारे जुने निबंध अजून वाचनात येतात. त्यांतल्या आकड्यांवर काही उभारू नका.

८. झिरकॉन कुठून आला?

युरेनियम-शिसे हे आपल्याजवळचं सगळ्यात नेमकं घड्याळ. झिरकॉन स्फटिक वाढताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळजवळ घेतच नाही. म्हणजे आज आत सापडणारं शिसं बहुतेक सगळं युरेनियमपासून झालेलं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ चं सुमारे ७० कोटी. दोन घड्याळं एकाच स्फटिकात असल्यानं एकानं दुसऱ्याला तपासता येतं. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसननं उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय ४५५ कोटी काढलं ते याच दोन साखळ्यांच्या जोरावर.

अडचण अशी की बेसॉल्टमध्ये झिरकॉन सहसा नसतो. मग दख्खनमध्ये तो मिळाला कुठे? ज्या लाल थरावर आपण मघाशी नख लावलं, त्यात. उद्रेकांच्या मधल्या काळात दुसरीकडून उडालेली सिलिकायुक्त राख या मातीत पडून मिसळली होती. भूशास्त्रज्ञ ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी असे थर हेरून, किलोंनी माती धुऊन, त्यातून केसाच्या जाडीचे झिरकॉन वेगळे केले. २०१५ पासून त्यांचे निकाल येऊ लागले तेव्हा एका थराचं वय ५०,००० वर्षांच्या आतल्या त्रुटीनं सांगता येऊ लागलं. ६ कोटी ६० लाखांत ५० हजार!

तुम्ही हे करणार असाल तर भाजलेल्या माथ्यापेक्षा राखेची फिकट, हिरवट पट्टी दिसते का ते शोधा. चार-पाच किलो तरी माती घ्या, खालच्या-वरच्या थरांची भेसळ होऊ देऊ नका. प्रयोगशाळेत झिरकॉन ९०० अंशांच्या आसपास तापवून मग हायड्रोफ्लोरिक आम्लात ठेवतात, म्हणजे शिसं गळालेले भाग विरघळून जातात. हे आम्ल हाडापर्यंत पोचतं. प्रशिक्षणाशिवाय त्याच्या खोलीत पाऊल टाकू नका.

आणखी एक सापळा. राखेतले सगळेच झिरकॉन त्या उद्रेकाचे नसतात. काही जुन्या खडकांतून ओढून आणलेले असतात, काही मॅग्मा (वितळलेला खडक) जमिनीखाली साठलेला असतानाच वाढलेले. म्हणून सगळ्यांत नव्या, आपसांत जुळणाऱ्या स्फटिकांच्या गटावर वय ठरतं, आणि थर त्याहून थोडा नवाच असू शकतो.

९. सगळे दख्खन एका वयाचे नाहीत

पश्चिम घाटातला मुख्य जाड भाग दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. पण अंधेरीच्या गिल्बर्ट हिलच्या उभ्या खांबांचं आर्गॉन वय सुमारे ६ कोटी ५ लाख निघालंय, म्हणजे ते बरंच नंतरचं. मुंबईतला काळा दगड बघून ‘सहा कोटी साठ लाख’ म्हणू नका.

उलट बाजूनं, बेसॉल्टच्या खाली काय आहे? कोयनेजवळ भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या विंधनछिद्रांत साधारण किलोमीटरभर बेसॉल्ट संपला की ग्रॅनाइट-नीसचा पाया लागतो. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत घेतलेल्या छिद्रात तो ३३८ मीटरवरच लागला. या पायाचं वय शेकडो कोटींत मोजायचं असतं, तिथे झिरकॉन हवा. आणि बेसॉल्टच्या थरांमध्ये अडकलेल्या तळ्यांच्या गाळाला वय द्यायला वरचा आणि खालचा प्रवाह मोजावा लागतो. नागपूरजवळ १८५० च्या दशकात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी जमवलेल्या शंख-शिंपल्यांना, किंवा वरळीच्या गाळातल्या बेडकांना, अशाच दोन कुंपणांच्या मध्ये बसवतात.

१०. दोन प्रयोगशाळा वेगळं सांगतात तेव्हा

फेब्रुवारी २०१९ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दख्खनवर दोन निबंध आले. एक शोन यांच्या गटाचा, झिरकॉनवरचा. दुसरा कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाचा, आर्गॉनवरचा. डायनोसॉर संपले तो क्षण, म्हणजे मेक्सिकोतल्या चिक्शुलुबचा आघात, ६ कोटी ६० लाखांच्या किंचित आधीचा. प्रश्न होता: लाव्हाचा मोठा लोट त्याच्या आधी आला की नंतर? झिरकॉनच्या गटाच्या हिशेबानं पोलादपूरचा लोट आघाताच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाला. आर्गॉनच्या गटाला आघाताची रेघ बुशे आणि पोलादपूर यांच्या सीमेजवळ दिसली, म्हणजे घनफळाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग नंतरचा.

नवख्या वाचकाला वाटतं, एक बरोबर आणि एक चूक. दोन्ही निबंध शेजारी ठेवून एकेका गटाची वयं त्रुटीसकट आलेखावर मांडा. बहुतेक ठिकाणी दोन्ही पद्धतींच्या त्रुटींच्या पट्ट्या एकमेकींवर येतात. मतभेद आहे तो मुख्यतः पोलादपूरच्या सुरुवातीबद्दल, आणि तो या पद्धतींच्या ताकदीच्या अगदी काठावरचा आहे. हा तक्ता स्वतः मांडणं ही मला माहीत असलेली सगळ्यात चांगली शिकवणी आहे.

शाळेच्या पुस्तकातले साडेसहा कोटी चुकले होते का? दगड तेच राहिले, प्रमाण बदललं. आर्गॉन पद्धत ज्या प्रमाण खनिजावर टेकते त्या फिश कॅन्यन सॅनिडीनचं वय आधी २८.०२ दशलक्ष धरायचे, २००८ मध्ये ते २८.२०१ ठरलं. एवढ्या फरकानं ६६ दशलक्षांच्या आसपासचं वय सुमारे चार लाख वर्षांनी वाढतं. म्हणून जुन्या आणि नव्या आकड्यांची थेट तुलना करू नका, आधी एका प्रमाणावर आणा. आणि स्वतःचा निकाल लिहाल तेव्हा वयाच्या शेजारी त्रुटी, ती एक सिग्माची (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन) की दोन, वापरलेलं प्रमाण खनिज, त्याचं धरलेलं वय आणि क्षय-स्थिरांक (अणू तुटण्याचा धरलेला दर), हे पाचही नोंदवा. उरलेला अर्धा किलो दगड त्याच क्रमांकाच्या पिशवीत विभागाच्या संग्रहात जमा करा. प्रमाण पुन्हा बदललं तर कुणाला तरी तो लागेल.